रेकॉर्डिंगमधला ‘नाही’ हरवू नये म्हणून

(घरातल्या आणि मोहल्ल्यातल्या ज्येष्ठांच्या आठवणी रेकॉर्ड करणाऱ्या तरुणांच्या कार्यशाळेत केलेलं भाषण. शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सकाळच्या सत्रात मुलाखत कशी घ्यावी, प्रश्न कसा विचारावा, परवानगी कशी मागावी यावर छान चर्चा झाली. माझ्या वाट्याला आलेला विषय त्यामानाने रुक्ष आहे. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करताना आवाज तुटतो, मध्येच टिक्‌ टिक्‌ येते, एखादा शब्द गायब होतो, तेव्हा काय करायचं? सकाळपासून तुमच्यापैकी चार-पाच जणांनी मला गाठून एकच प्रश्न विचारला: “सर, माझा लॅपटॉप जुना आहे. नवीन घ्यावा लागेल का?” त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. बहुतेकांना घ्यावा लागणार नाही. का, ते सांगण्यासाठीच पुढचा अर्धा-पाऊण तास.

त्याआधी एवढं बारीक का बघायचं ते पाहू. समजा, मराठवाड्यातल्या एका गावात कुणाच्या तरी दादी १९४८ च्या सप्टेंबरातल्या पोलीस ॲक्शनविषयी सांगतायत. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज पंच्याऐंशीच्या पुढे गेलीय. त्या म्हणतात, “आम्ही गाव सोडलं नाही.” मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘नाही’ म्हणायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढा पाव सेकंद लॅपटॉपने गिळला, तर फाइलमध्ये उरतं, “आम्ही गाव सोडलं.” दादी दखनीत बोलल्या तर त्यांचा ‘नै’ आणखी छोटा. तो तर ऐकणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही.

गाणं रेकॉर्ड करताना आवाज तुटला तर गायक परत गातो. दादींना तोच प्रसंग पुन्हा सांगायला लावता येतो, पण दुसऱ्यांदा त्या तसं सांगत नाहीत. आणि कधी कधी दुसरी वेळ येतच नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कित्येक ओव्यांचा आवाजही जपला गेला, म्हणून आज आपल्याला त्या ऐकता येतात. तुमच्या मोहल्ल्यातल्या बिडी वळणाऱ्या खाला, मालेगाव-भिवंडीच्या लूमवर आयुष्य काढलेले चाचा, बोटीवर नोकरी केलेले रत्नागिरीचे काका यांचा आवाज जपायचं काम तुमच्या त्या जुन्या लॅपटॉपवर आहे. म्हणून हा रुक्ष विषय.

आधी कानाने निदान

डॉक्टर ताप आहे म्हटल्यावर लगेच इंजेक्शन देत नाही, आधी बघतो कसला ताप आहे. तसंच “रेकॉर्डिंग खराब आलं” हे वाक्य अपुरं आहे. कसं खराब, ते हेडफोन लावून ऐका. साधारण चार प्रकार सापडतील आणि चारही वेगळ्या कारणांनी होतात.

पहिला, एकसारखी घुंघुं. ती बोलणं सुरू असो वा नसो, चालूच असते. हा विजेचा दोष. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते, तीच तुम्हाला ५० आणि १०० हर्ट्‌झच्या गुणगुणीत ऐकू येते. चार्जर काढून बघा. घुंघुं थांबली तर चार्जर, नाहीतर घरातलं अर्थिंग. घर इन्व्हर्टरवर चालू असेल तर स्वस्तातल्या इन्व्हर्टरची खरखर वेगळीच येते. एक सांगून ठेवतो, घुंघुं घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. ती आवाजासाठी नसते, तुमच्या जिवासाठी असते.

दुसरा, फाटलेला आवाज. माणूस जोरात हसला, रागाने बोलला की शब्द चिरकतो. माइकची पातळी जास्त ठेवल्याचा हा परिणाम. पातळी दाखवणाऱ्या पट्टीत शून्य म्हणजे छप्पर. नेहमीच्या बोलण्याची उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील अशी पातळी ठेवा. छपराला धडकून चपटा झालेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही.

तिसरा, टेलिफोनसारखा बारीक, डबक्यातून आल्यासारखा आवाज. बहुतेक वेळा तुम्ही ब्लूटूथ इअरफोनचा माइक वापरलेला असतो. ब्लूटूथवर माइक चालू झाला की साधारणपणे तो फोन कॉलच्या पद्धतीवर जातो आणि सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुन्यांवर उतरतो. मुलाखतीसाठी वायरचा किंवा यूएसबी माइकच घ्या.

चौथा प्रकार म्हणजे आजचा खरा विषय. टिक्‌, चट्‌, मध्येच गाळलेला तुकडा. बाकी आवाज स्वच्छ असतो, पण त्यात भोकं पडलेली असतात. इंग्रजीत याला ड्रॉपआउट म्हणतात, आपण ‘गळती’ म्हणू. यात माइक निर्दोष असतो, बोलणाराही निर्दोष असतो. दोष लॅपटॉपच्या आत आहे, आणि तो वेगाचा नाही.

नळ आणि हंडे

आत काय चालतं ते नळाच्या उदाहरणाने बघू. सकाळी एक तास पाणी येतं. नळाखाली एक हंडा लावलाय, शेजारी रिकामा हंडा तयार ठेवलाय. पहिला भरत आला की तो काढायचा, दुसरा लावायचा, आणि दुसरा भरेपर्यंत पहिला पिंपात ओतून परत यायचं. नळ काही तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही आत गेलात आणि कुणी दारात बोलत उभं केलं, की हंडा भरून वाहतो. वाहून गेलेलं पाणी परत मिळत नाही.

माइकचा आवाज असाच येतो. लॅपटॉपचं ध्वनियंत्र सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाची उंची मोजतं. या प्रत्येक मोजणीला सॅम्पल म्हणतात. सॅम्पल एका छोट्या जागेत साठत जातात, त्या जागेला बफर म्हणतात. हा आपला हंडा. बफर २५६ सॅम्पलचा असेल तर तो साधारण ५.३ मिलिसेकंदांत भरतो. १,०२४ सॅम्पलचा असेल तर सुमारे २१ मिलिसेकंदांत. दर वेळी बफर भरला की प्रोसेसरने यायचं, तो रिकामा करायचा आणि पुढचा भरायच्या आत परत यायचं. तासाभराच्या मुलाखतीत हे लाखो वेळा होतं. त्यातल्या एका फेरीला उशीर झाला की एक टिक्‌. उशीर लांबला की शब्द गेला.

आता वेगाचा हिशेब करू. एका माइकचा आवाज, सेकंदाला ४८,००० सॅम्पल, प्रत्येक सॅम्पलला २४ बिट म्हणजे ३ बाइट. झाले सेकंदाला १,४४,००० बाइट. तासाला सुमारे ५२० मेगाबाइट. दहा वर्षांपूर्वीची फिरणारी हार्ड डिस्कसुद्धा याच्या शंभर पटींहून जास्त वेगाने लिहू शकते. म्हणजे पाणी चिमूटभर आहे आणि पिंप प्रचंड मोठं आहे. तरीही हंडा वाहतो, कारण हंडा बदलणारा माणूस वेळेवर हजर नसतो.

टास्क मॅनेजर उघडला की दिसतं, सीपीयू १५ टक्के. मग तुम्ही म्हणता, यंत्र तर मोकळं आहे, आवाज का तुटतो? टास्क मॅनेजर साधारण सेकंदाभराची सरासरी दाखवतो. आपल्याला मिलिसेकंदांचा हिशेब हवाय. हे तुम्हाला पावसावरून लगेच कळेल. जून ते सप्टेंबरची सरासरी सरकारी कागदावर उत्तम असते, पण पेरणीनंतर तीन आठवडे उघडीप पडली की पीक करपतं. सरासरीने कोंब जगत नाही, त्याला वेळेवर पाणी लागतं. आवाजाचं तसंच आहे.

वाट अडवणारे कोण

विंडोजला आवाजाचं महत्त्व कळत नाही असं नाही. व्हिस्टापासून त्यात आवाज आणि व्हिडिओच्या कामांना रांगेत पुढे घेणारी व्यवस्था आहे. पण त्या रांगेच्याही वर एक वर्ग आहे, तो म्हणजे ड्रायव्हरचा. वाय-फाय, बॅटरी, ग्राफिक्स कार्ड, टचपॅड या प्रत्येक भागाचं एक छोटं सॉफ्टवेअर असतं. त्या भागाला काही सांगायचं असलं की तो प्रोसेसरला हातातलं काम टाकून यायला लावतो. चांगला ड्रायव्हर एक शब्द बोलून बाजूला होतो. वाईट ड्रायव्हर दारात गप्पा मारत उभा राहतो. तोवर तुमचा हंडा वाहतो.

यातून मोठमोठे सुटलेले नाहीत. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. थोड्या दिवसांत त्याचा संगणक पुन्हा पुन्हा आपोआप नव्याने सुरू व्हायला लागला. कारण संगणकाचा वेग नव्हता. सर्वांत महत्त्वाचं काम एका सामायिक कुलपापाशी अडकून बसायचं. किल्ली हवामानाची नोंद घेणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाकडे होती, आणि त्या बिचाऱ्याला मधलंच तिसरं काम पुढे सरकू देत नव्हतं. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून पाहिला, कारण शोधलं आणि एक सेटिंग बदलणारी दुरुस्ती मंगळावर पाठवली. नवा संगणक पाठवायची सोय नव्हतीच. तुम्हीही असंच समजा, की नवा लॅपटॉप पाठवायची सोय नाही. असलेल्यातच अडथळा शोधायचाय.

नेहमीचे अडथळे सांगतो.

पहिला, वाय-फाय. ड्रायव्हर आसपासची नेटवर्क शोधत राहतो आणि दर वेळी प्रोसेसरला हाक मारतो. ठरावीक अंतराने टिक्‌ येत असेल तर पहिला संशय यावर. नुसता एअरप्लेन मोड कधी कधी पुरत नाही, कारण रेडिओ बंद होतो पण ड्रायव्हर जागाच राहतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही ‘डिसेबल’ करा. काम झालं की परत चालू करता येतात.

दुसरा, वीज वाचवण्याची हौस. बॅटरीवर असताना लॅपटॉप प्रोसेसरचा वेग कमी करतो, काम नसलं की त्याला डुलकी घ्यायला लावतो. आवाजाचं काम हलकं असल्यामुळे प्रोसेसरला सारखी डुलकी लागते आणि जागं व्हायला वेळ लागतो. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. तिथेच प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ असतं, ते बंद करा. नाहीतर यूएसबीला जोडलेल्या वस्तूंना झोपवण्या-उठवण्याचा खेळ सुरू राहतो.

तिसरा, उष्णता. मे महिना, पत्र्याचं घर, लॅपटॉप गादीवर ठेवलाय आणि खालची जाळी बंद झालीय. प्रोसेसर ठरावीक तापमानापलीकडे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग पाडतो. म्हणून पहिली वीस मिनिटं स्वच्छ येतात आणि मग आवाज तुटायला लागतो. लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवा, खाली हवा जाऊ द्या. फटीतली धूळ साफ करून घ्या. याला पैसे फार लागत नाहीत.

चौथा, डिस्कवरची गर्दी. रेकॉर्डिंग ज्या फोल्डरमध्ये साठतंय तोच फोल्डर वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह वर चढवत असेल, अँटिव्हायरस त्याच फाइलची झडती घेत असेल, विंडोज अपडेट चालू असेल, तर फिरणाऱ्या हार्ड डिस्कची सुई इकडून तिकडे धावत राहते. सिंक थांबवा, अपडेट पुढे ढकला, ब्राउझर बंद करा. सिंक थांबवण्याचं दुसरंही कारण आहे. दादींनी तुम्हाला परवानगी दिलीय, ती फाइल आपोआप इंटरनेटवर जावी अशी नाही. पेन ड्राइव्हवर थेट रेकॉर्डिंग करू नका. स्वस्त पेन ड्राइव्ह लिहिताना मध्येच थबकतात. आधी लॅपटॉपच्या डिस्कवर, मग कॉपी.

पाचवा, यूएसबीची वाट. माइक हबमध्ये, त्याच हबमध्ये माउस, बाहेरची हार्ड डिस्क आणि फोनही. अशा वेळी माइकला थेट लॅपटॉपच्या खोबणीत लावा. बाजू बदलून बघा. वायर हलवून बघा, निम्म्या वेळा वायरच सैल निघते.

इंटरनेटवरचा सल्ला आणि आपली गरज

तुम्ही यावर व्हिडिओ शोधलेत तर जवळजवळ प्रत्येकजण सांगतो, बफर कमी करा. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो तुमच्यासाठी नाही. तो गायक-वादकांसाठी आहे. गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ताबडतोब ऐकू यावा लागतो, म्हणून तो छोटा हंडा वापरतो आणि दमछाक पत्करतो. दादींना हेडफोन लावायचा नाहीये. त्यांचा आवाज फाइलमध्ये पाव सेकंद उशिरा पोचला तरी कुणाचं काही बिघडत नाही. मुलाखतीसाठी मोठा हंडा घ्या. सॅम्पलमध्ये विचारलं तर १,०२४ किंवा २,०४८ निवडा. ऑडॅसिटी हा आकडा मिलिसेकंदांत मागतं, तिथे १०० असेल तर २०० करून बघा. मात्र एक लक्षात ठेवा. हा सॉफ्टवेअरचा हंडा झाला. त्याच्या आधी ध्वनियंत्राच्या ड्रायव्हरचा स्वतःचा छोटा हंडा असतो, तो इथून बदलत नाही. म्हणून मोठा बफर लावूनही गळती राहिली, तर पुन्हा अडथळ्यांच्या यादीकडे जायचं.

तसंच १,९२,००० सॅम्पलच्या मागे लागू नका. माणसाच्या बोलण्याला ४८,००० भरपूर आहेत. चौपट सॅम्पल म्हणजे चौपट पाणी, आणि दादींच्या आवाजात त्याने काही भर पडत नाही. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये माइकसमोर जो आकडा आहे तोच रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही ठेवा. एकीकडे ४८,००० आणि दुसरीकडे ४४,१०० असेल तर मध्ये सतत रूपांतर चालतं.

आणखी एक सेटिंग आहे, ‘ऑडिओ एन्हान्समेंट’. हे मीटिंगसाठी बनवलेलं असतं. जे एकसारखं आहे ते गोंगाट समजून कापायचं, हळू बोलणं अचानक मोठं करायचं. थकलेल्या माणसाच्या वाक्याचं शेपूट हळू होत जातं, आणि हे सॉफ्टवेअर नेमकं तेच कापू शकतं. ‘नाही’ शेपटातच असतो हे विसरू नका. एन्हान्समेंट बंद करा.

एका वेळी एकच बदल

आता पद्धत सांगतो, कारण यादी विसरली तरी पद्धत लक्षात राहावी.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीकडे चार जीबी रॅमचा, फिरणाऱ्या हार्ड डिस्कचा जुना लॅपटॉप होता. तिच्या नानाजानच्या मुलाखतीत आवाज तुटत होता. दुकानदाराने सांगितलं, मशीन जुनं झालं, नवीन घ्या. घरात हप्त्यांचा विचार सुरू झाला होता. मी तिला म्हटलं, हप्ता भरण्याआधी एक वही घे.

पहिली गोष्ट, चाचणीसाठी नानाजानना बसवायचं नाही. फोनवर एकसुरी शिट्टीसारखा आवाज लावायचा, तो लॅपटॉपने दहा मिनिटं रेकॉर्ड करायचा. एकसुरी आवाजात भोक पडलं की लगेच कळतं. ऑडॅसिटीत त्या पट्टीचं ‘स्पेक्ट्रोग्राम’ दृश्य लावलं की आडवी सरळ रेघ दिसते आणि प्रत्येक टिकेपाशी तिला छेदणारी उभी रेघ उमटते. रेघा मोजायच्या. ऑडॅसिटीत गळती ओळखणारं सेटिंगही आहे. ते चालू असेल तर गळलेल्या जागी ते स्वतःच खूण करतं. एन्हान्समेंट चालू राहिलं असेल तर हीच शिट्टी काही सेकंदांत विरत जाताना दिसेल. म्हणजे ही चाचणी तेही पकडते.

पहिल्या चाचणीत ११ उभ्या रेघा आल्या. वहीत लिहिल्या. मग फक्त वाय-फाय डिसेबल केलं, दुसरं काही नाही, आणि पुन्हा दहा मिनिटं. ३ रेघा. मग वनड्राइव्हचं सिंक थांबवलं. तरी ३. म्हणजे इथे सिंकचा दोष नव्हता. मग पॉवर प्लॅन बदलला. रेघ एकही नाही. खात्रीसाठी वाय-फाय परत चालू केलं, रेघा परत आल्या. इथे निदान पक्कं झालं. मग निर्मात्याच्या संकेतस्थळावरून वाय-फायचा नवा ड्रायव्हर आणून बसवला. सगळा खर्च शून्य. त्या मुलीच्या घरी तोच लॅपटॉप आजही आहे.

एका वेळी एकच बदल करायचा. आपण सहसा घाबरून पाच सेटिंग एकदम बदलतो. आवाज सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही, आणि महिन्याभराने पुन्हा तुटला की परत पहिल्यापासून सुरुवात.

अडथळा सापडतच नसेल तर लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर आहे. घरगुती वापराला फुकट. ते दहा मिनिटं चालू ठेवा. कोणत्या ड्रायव्हरने प्रोसेसरला सर्वांत जास्त वेळ अडवलं, ते नावानिशी दाखवतं. फक्त नाव दिसलं म्हणून त्यालाच दोषी धरू नका. उदाहरणार्थ, यादीत ‘एनडीआयएस’ वर आलं तर ते विंडोजचं नेटवर्कचं सामायिक दालन आहे. गोंधळ घालणारा बहुधा त्या दालनात आलेला वाय-फायचा ड्रायव्हर असतो. ‘एसीपीआय’ वर आलं तर बॅटरी आणि वीज व्यवस्थेकडे बघा. यंत्राने दिलेलं नाव म्हणजे धागा, निकाल नव्हे. निकाल त्या वहीतल्या चाचणीने लागतो.

मुलाखतीच्या दिवशी

आदल्या रात्री अपडेट उरकून घ्या आणि लॅपटॉप एकदा बंद करून सुरू करा. पोचल्यावर वाय-फाय, ब्लूटूथ बंद, पॉवर प्लॅन बदललेला, स्लीप ‘नेव्हर’वर. लॅपटॉप मांडीवर किंवा गादीवर नको, आणि माइकच्या अगदी शेजारीही नको, त्याचा पंखा ऐकू येतो. छताचा पंखा दादींची तब्येत बघून बंद करा. उन्हाळ्यात ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाला आवाजासाठी उकाड्यात बसवू नये. थोडी घरघर आली तर येऊ द्या.

पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोला, चहा झाला का विचारा, आणि तेवढं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. मगच मुलाखत सुरू करा. वेव्ह फाइलमध्येच साठवा, एमपीथ्री नंतर बनवता येते. दर पाऊण तासाने थांबून फाइल सेव्ह करा. दादींनाही विसावा मिळतो.

आणि सर्वांत स्वस्त विमा म्हणजे तुमचा फोन. तो एअरप्लेन मोडवर टाका, रेकॉर्डर चालू करा आणि दादींच्या बाजूला ठेवा. त्याचा आवाज साधा येईल, पण लॅपटॉपने आणि फोनने एकाच क्षणी शब्द गिळण्याची शक्यता फार कमी. लॅपटॉपच्या फाइलमध्ये “आम्ही गाव सोडलं” एवढंच आलं, तर फोन सांगेल पुढे काय होतं ते. घरी आल्यावर फाइल दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करा, दोन्ही उघडून ऐका, आणि तोवर मूळ फाइल पुसू नका.

भोक पडलंच तर

तुमच्यापैकी काहींकडे आधीच झालेली रेकॉर्डिंग आहेत आणि त्यात गळती आहे. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टिक्‌ काढून टाकायची सोय असते. एकदोन मिलिसेकंदांची टिक्‌ असेल तर खुशाल काढा, शब्द शाबूत असतो. पण शब्दच गेला असेल तर दोन्ही टोकं जोडून वाक्य गुळगुळीत करू नका. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे की इथे काहीतरी होतं. लिखित प्रतीत तिथे कंस टाका, वेळ लिहा, ‘इथे अर्धा सेकंद आवाज नाही’ असं नोंदवा. त्या व्यक्ती हयात असतील तर परत जा, तेवढं वाक्य वाचून दाखवा आणि विचारा, “दादी, तुम्ही इथे काय म्हणाला होतात?” त्यांचं उत्तर वेगळ्या तारखेने, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. मूळ फाइलला हात लावू नका.

हे मी मुद्दाम सांगतोय. आपल्या लोकांविषयी, आपल्या आज्या-आजोबांविषयी दुसऱ्यांनी भरून काढलेल्या मोकळ्या जागा आपण बऱ्याच वाचल्या आहेत. निदान आपण तरी मोकळी जागा मोकळी दाखवू.

माझं एवढंच सांगणं आहे. आवाज तुटला की लॅपटॉपच्या वयाकडे आणि दुकानाकडे बघू नका. कोण वाट अडवतंय ते शोधा, एका वेळी एक बदल करून, वहीत लिहून. मागच्या टेबलावर मी माझा लॅपटॉप, एक साधा यूएसबी माइक आणि ती शिट्टीची फाइल ठेवली आहे. चहानंतर आपापले लॅपटॉप घेऊन या. प्रत्येकाची दहा मिनिटांची चाचणी करू आणि रेघा मोजू. ज्यांच्या घरी मुलाखतीची तारीख जवळ आली आहे, त्यांनी आधी यावं.